पावसाच्या पाण्याची ‘व्यवस्था’ म्हणजे नेमके काय, ते लेआउटच्या करारात लिहा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात लेआउटना मंजुरी देणारे व तयार लेआउट ताब्यात घेणारे सर्व अधिकारी, नगरसेवक, ग्रामपंचायत सदस्य आणि पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) यांस,

सप्रेम नमस्कार.

शेतजमीन एन.ए. (बिगरशेती) होते, लेआउटचा नकाशा मंजूर होतो आणि विकासकाकडून करार लिहून घेतला जातो. त्या करारात रस्ता किती मीटरचा, बागेला जागा किती, पाण्याची टाकी किती लिटरची, विजेचे खांब किती, हे सगळे आकड्यांत असते. पावसाच्या पाण्यापाशी आले की आकडे संपतात. ‘गटारे व पाण्याच्या निचऱ्याची योग्य व्यवस्था करावी’ अशा अर्थाची एखादी ओळ येते आणि करार पुढच्या कलमाकडे वळतो. ही एक ओळ यापुढे आम्हाला मान्य नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

लिहिणाऱ्यांत जमिनीची मोजणी आणि लेव्हल घेणारे आहेत, रस्ते-गटारांची कामे केलेले आहेत, नव्या वसाहतींत प्लॉट घेतलेले आहेत आणि वडगाव-शहापूर शिवारात भात करणारेही आहेत. एरवी या मंडळींची तोंडे चार दिशांना असतात. या एका मुद्द्यावर सगळ्यांचे एकमत आहे, कारण त्या एका ओळीची किंमत प्रत्येकाला वेगवेगळ्या प्रकारे मोजावी लागते.

आधी जमिनीबद्दल. बेळगावच्या पश्चिमेला तांबड्या, जांभ्याच्या मातीचे प्रमाण जास्त. तिथे पाणी मुरते. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात काळी जमीन. सुरुवातीच्या पावसात भेगा मिटल्या की पाणी वरच उभे राहते. म्हणूनच इथे बासमती पिकला आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर आला. या शिवारातले पाणी बळ्ळारी नाल्याला मिळते, नाला मार्कंडेय नदीकडे जातो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. ऑगस्ट २०१९ मध्ये शहराच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले आणि नाल्याकाठची पिके पाण्याखाली गेली, तेव्हा दोष पावसाला दिला गेला. पाऊस जास्त होता, हे खरेच. पण पाऊस पडल्यावर पाणी नाल्यापर्यंत किती वेगाने पोहोचते, हे आभाळ ठरवत नाही. ते लेआउटचा नकाशा ठरवतो.

हिशेब करून दाखवतो. १० एकरांचा एक लेआउट घ्या, म्हणजे साधारण ४.०५ हेक्टर. उदाहरणापुरता तासाला ६० मिमी पाऊस धरा. शेत असताना पडलेल्या पाण्यापैकी सुमारे ३० टक्के पाणी वाहून जाते असे मानले, तर हद्दीबाहेर सेकंदाला जवळजवळ २०० लिटर पाणी पडते. त्याच जमिनीवर डांबरी रस्ते, काँक्रीटची अंगणे आणि स्लॅबची घरे आली की वाहून जाणारा भाग ७० टक्क्यांच्या आसपास जातो आणि तोच पाऊस सेकंदाला ४७० लिटर पाणी बाहेर ढकलतो. तासाभरात ९७० घनमीटर, म्हणजे ९ लाख ७० हजार लिटर पाणी जादा. हा हिशेब कोरडवाहू शेताचा झाला. भाताच्या खाचराला तर चारी बाजूंनी बांध असतो. आधीच पाणी उभे असले तरी बांधाच्या माथ्यापर्यंत आणखी १० सेंटिमीटर मावते असे धरा. १० एकरांत ते ४० लाख लिटर होते. लेआउटसाठी जेसीबीने बांध मोडले की एवढी साठवण एका दिवसात नाहीशी होते आणि तिची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

हे जादा पाणी थोपवता येते आणि त्यासाठी मोठी जागाही लागत नाही. वरच्या उदाहरणात माथ्यावर २८ मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तळे, कडांना एकास दोनचा उतार, एवढे पुरते. तळ्याला सुमारे ८ गुंठे. भोवती जेसीबी फिरेल अशी ३ मीटरची वाट धरली तर १२ गुंठे. ४०० गुंठ्यांतले १२, म्हणजे ३ टक्के. हे तळे पाणी साठवून ठेवण्यासाठी नाही. ते काही तास पाणी अडवते, सावकाश सोडते आणि एका दिवसात रिकामे होते, त्यामुळे डासांची पैदास होण्याइतके पाणी त्यात टिकत नाही.

आता या तळ्याचा जीव कशात आहे, ते पाहा. तो बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात आहे. दीड मीटर पाणी भरले असताना सेकंदाला २०० लिटरच बाहेर पडावे यासाठी तोंड साधारण ३०० मिमी व्यासाचे लागते. साइटवर काय होते? ठेकेदाराकडे ६०० मिमीचे ह्यूम पाइप पडलेले असतात, ‘मोठा पाइप म्हणजे चांगलेच की’ असे म्हणून तेच टाकले जातात. व्यास दुप्पट, म्हणजे तोंड चौपट. मग तळे कधी भरतच नाही. आलेले पाणी तसेच बाहेर जाते, तळे पावसाळाभर कोरडे आणि नीटनेटके दिसते, पाहणीला आलेले साहेब समाधानाने सही करून जातात. खालच्या शेतकऱ्याच्या खाचरात मात्र पूर्वीपेक्षा सव्वादोन पट पाणी उतरते. करारात ‘३०० मिमी’ हा आकडा लिहिलेला असता तर पाहणीला साधी मोजपट्टी पुरली असती.

आमच्या तक्रारी या एका पाइपापासूनच सुरू होतात.

पहिली आणि मुख्य तक्रार व्याख्येची. करारात ‘गटार’ एवढाच शब्द असतो. पावसाचे पाणी घराच्या दारापासून नाल्यापर्यंत जाते ते निदान दहा-बारा वेगवेगळ्या वस्तूंमधून: रस्त्याचा दोन्ही बाजूंचा उतार, कडेच्या जाळ्या, जाळीखालचे चेंबर, उघडे किंवा झाकलेले गटार, गटारावरची झाकणे, रस्त्याखालचे पाइप आणि मोऱ्या, गाळ बसायचा खड्डा, कचरा अडवणारे गज, तळे, तळ्याचा बांध, पाणी सोडायचे तोंड, जादा पाणी जायचा सांडवा, आणि तिथून नाल्यापर्यंतचा जोड. यातल्या ‘गटार’ या शब्दात किती वस्तू आल्या? विकासक म्हणतो, मी गटार बांधले. पंचायत म्हणते, आम्ही गटार ताब्यात घेतले, बांध नाही. वसाहतीतले लोक म्हणतात, तळे कुणाचे ते आम्हाला माहीत नाही. तिघेही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात. ज्या वस्तूला करारात नाव नाही तिला वाली नाही, आणि बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटला की दुरुस्तीचे पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

दुसरी तक्रार नाल्यांची. जुन्या गावनकाशावर आणि टिपणात (सर्व्हे नंबरच्या मोजणीच्या नोंदीत) ओढे-नाले दाखवलेले आहेत. उताऱ्यावर त्यांचे क्षेत्र ‘बी खराब’ म्हणून वजा केलेले असते. कर्नाटक जमीन महसूल नियम, १९६६ प्रमाणे ही जमीन सार्वजनिक वापरासाठी राखीव असते. लेआउटचा नकाशा करताना हाच नाला कधी सरळ केला जातो, कधी रस्त्याच्या कडेला वळवला जातो, कधी दोन पाइपांत बसवला जातो. तीन मीटर रुंद आणि एक मीटर खोल नाल्याचा छेद ३ चौरस मीटर. ६०० मिमीचे दोन पाइप मिळून होतात ०.५७ चौरस मीटर, पाचवा हिस्साही नाही. बाकीचे पाणी कुठे जाणार? ते रस्त्यावरून आणि कुंपणाच्या भिंतीवरून खालच्या माणसाच्या शेतात जाते. नाल्याच्या काटकोनात वळवलेल्या कोपऱ्यावर तर काठ दरवर्षी खचतो, कारण पाण्याला एकदम वळता येत नाही. मंजुरीच्या नकाशावर गावनकाशा आणि टिपण ठेवून पाहणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते सक्तीचे का नाही?

तिसरी तक्रार हद्दीबाहेरच्या पाण्याची. करार लेआउटच्या हद्दीवर संपतो, पाणी तिथे संपत नाही. गटार हद्दीपर्यंत व्यवस्थित येते आणि पुढे कुणाच्या तरी बांधावर उघडे सोडलेले असते. हद्दीपासून नाला ८० मीटर दूर असेल तर ते ८० मीटर कुणी बांधायचे, कुणाच्या जमिनीतून, कुणाच्या संमतीने, याचा उल्लेखच नसतो. वडगाव-शहापूर शिवारात धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत) पेरणी करणाऱ्याला याचा फटका सगळ्यात आधी बसतो. पेरलेले बी जमिनीत असते, कोंब नुकता फुटत असतो आणि वरच्या वसाहतीचे पाणी एकाच ठिकाणी जोरात येऊन पडते. बी वाहून जाते, नाहीतर गाळाखाली गाडले जाते. दुबार पेरणीचा खर्च त्याचा. पाणी ज्यांनी पाठवले त्यांच्या करारात त्याचे नावही नाही.

चौथी, उताराची. गटाराची रुंदी-खोली लिहितात, उतार लिहीत नाहीत. ४५ सेंटिमीटर रुंद काँक्रीट गटारात अर्धा मीटर खोल पाणी वाहत असेल आणि उतार २०० ला १ असेल, तर ते सेकंदाला ३०० लिटर नेते. उतार ८०० ला १ झाला की तेच गटार १५० लिटरच नेते, शिवाय वेग कमी झाल्याने गाळ बसू लागतो. तळाला १० सेंटिमीटर गाळ बसला की उरलेल्या क्षमतेतलाही चौथा हिस्सा गेला. बाहेरून दोन्ही गटारे अगदी सारखी दिसतात. फरक कळतो तो फक्त लेव्हल (पातळी मोजायचे यंत्र) लावल्यावर, आणि ताबा घेताना लेव्हल लावण्याची अट करारात नसते. आणखी एक गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे: पाच-सात वर्षांनी रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर चढतो, रस्ता २० सेंटिमीटरने उंच होतो, जाळ्या खाली राहतात किंवा थराखाली जातात आणि पाणी घरांच्या पायरीकडे वळते. लेआउटमध्ये मूळ पातळीचा कायमचा दगडच नसल्याने रस्ता किती वर आला, हे सिद्ध करायलाही काही हातात राहत नाही.

पाचवी तक्रार सांडपाण्याची आहे. यूजीडीचे (सांडपाण्याच्या भूमिगत गटारांचे) काम रखडले की घरांचे सांडपाणी पावसाच्या गटारात सोडले जाते. तात्पुरते म्हणून केलेला जोड कायमचा होतो. दोन्ही व्यवस्था करारात एकाच कलमात आणि ‘ड्रेनेज’ या एकाच शब्दाखाली असतात. वेगळ्या कधी होणार?

सहावी तक्रार आम्हा रहिवाशांच्या वाट्याची आहे आणि ती लपवणार नाही. घरासमोर गाडीसाठी रॅम्प करताना गटारावर अखंड काँक्रीट ओतले जाते. घर बांधताना वाळू-खडीचा ढीग रस्त्यावर पडतो आणि पहिल्या पावसात जाळीत जातो. सहा मीटर गटार असे बुजले की सफाई कामगाराला खाली जायला वाटच राहत नाही. झाकणे ६० सेंटिमीटर लांब-रुंद आणि १० सेंटिमीटर जाड असली तर एकाचे वजन ९० किलोच्या आसपास जाते. हूक दिले तर दोन माणसे ती उचलू शकतात. अखंड स्लॅब फक्त ब्रेकरने निघतो. झाकण उचलता आलेच पाहिजे, ही अट प्रत्येक प्लॉटच्या खरेदीपत्रापर्यंत पोहोचली पाहिजे.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामातला, सेवा पुरवण्यातला किंवा करारात कबूल केलेल्या जबाबदारीतला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. कलम ११(४)(ड) प्रमाणे रहिवाशांची संघटना ताबा घेईपर्यंत आवश्यक सेवांची देखभालही त्याचीच. पण दोष कशाच्या तुलनेत दाखवायचा? करारात ‘योग्य व्यवस्था’ एवढेच असेल तर योग्य काय, यावरच सगळी तारीख जाते. ‘४५ सेंमी रुंद, २०० ला १ उतार, ३०० मिमी तोंड’ असे लिहिलेले असेल तर वाद राहत नाही, मोजमाप राहते. व्याख्येचा आग्रह आम्ही धरतो तो एवढ्यासाठीच.

म्हणून नुसती तक्रार करून थांबत नाही. करारात घालण्याजोगा मजकूर सुचवतो. शब्द तुमच्या विधी विभागाने घासूनपुसून घ्यावेत. त्यातली एकही वस्तू मात्र गाळू नये.

‘पावसाच्या पाण्याची व्यवस्था म्हणजे लेआउटमध्ये पडणारे आणि वरच्या जमिनीतून लेआउटमध्ये येणारे पावसाचे पाणी गोळा करणे, वाहून नेणे, थोपवणे, मुरवणे, गाळणे आणि नाल्यापर्यंत सुरक्षित सोडणे यासाठी हद्दीत किंवा हद्दीबाहेर बांधलेली अथवा मुळात असलेली सर्व कामे. यात रस्त्याकडेची गटारे, जाळ्या, चेंबर, काढता येणारी झाकणे, पाइप, मोऱ्या, गाळखड्डे, कचरा अडवणारे गज, थोपवण्याची तळी, त्यांचे बांध, पाणी सोडायची तोंडे, सांडवे, तोंडापुढची दगडी फरशी, मुरवण्याचे खड्डे, कुंपण, देखभालीची वाट आणि नाल्यापर्यंतचा जोड यांचा समावेश आहे. गावनकाशावर किंवा टिपणात दाखवलेला प्रत्येक ओढा-नाला आणि त्याचे बी खराब क्षेत्र या व्यवस्थेचा भाग मानले जाईल. घरांचे सांडपाणी नेणारी यूजीडी आणि खासगी प्लॉटच्या आतल्या नळ्या या व्यवस्थेत येत नाहीत, आणि सांडपाणी या व्यवस्थेत सोडता येणार नाही. प्रत्येक भागाचा क्रमांक, सर्व्हे नंबर, लांबी, छेद, उतार, तळाची पातळी, धारणक्षमता आणि मालकी सोबतच्या परिशिष्टात दिली आहे. परिशिष्ट हा कराराचाच भाग आहे.’

शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. व्याख्या कितीही लांब केली तरी परिशिष्टाशिवाय ती पुन्हा शब्दांचा खेळ होईल. परिशिष्ट म्हणजे एका पानाचा तक्ता. गटार क्रमांक ७: दुसऱ्या आडव्या रस्त्याची डावी बाजू, ११० मीटर, ४५ बाय ६०, वरच्या टोकाची तळपातळी अमुक, खालच्या टोकाची तमुक. दोन पातळ्यांतला फरक ५५ सेंटिमीटर असला की उतार २०० ला १ झाला, हे दहावीच्या मुलालाही तपासता येते.

मुरवण्याच्या खड्ड्यांबद्दल एक सूचना. सरसकट ‘प्रत्येक प्लॉटमध्ये एक खड्डा’ असे लिहू नका. तांबड्या मातीत तो चालतो. शहापूर-वडगावच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात भूजल वर आलेले असते. तिथला खड्डा जूनअखेर भरतो आणि पुढे त्याचा उपयोग राहत नाही. कामाच्या जागी मीटरभर खोल खड्डा खणून, आधी पाणी घालून माती पुरती भिजवून, मग पाणी तासाला किती सेंटिमीटर उतरते ते मोजावे. उतरत नसेल तर मुरवण्याचा नाद सोडून तळे मोठे करावे. काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसाच्या पहिल्या पाण्याला त्या भेगांतूनच वाट मिळते, म्हणून बांधाला मुरमाचे आवरण आणि पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग हवे. खानापूरच्या घाटमाथ्याकडचा पाऊस वेगळा, चिकोडीकडचा वेगळा. पावसाचा आकडाही त्या त्या भागातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून घ्यावा, एकाच शहराचा आकडा सगळीकडे चिकटवू नये.

आकडे ठरवायला नवे शास्त्र शोधायची गरज नाही. केंद्रीय गृहनिर्माण व नगर व्यवहार मंत्रालयाच्या सीपीएचईईओ या तांत्रिक विभागाने २०१९ मध्ये पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची स्वतंत्र नियमपुस्तिका काढली आहे. शहरी निचऱ्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:एसपी:५० ही मार्गदर्शिका आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच शहरी पुराला नदीच्या पुरापासून वेगळा धरून त्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. हे सगळे तुमच्या अभियंत्यांच्या कपाटात असायला हवे. नसेल तर मागवून घ्यावे. आणि बेळगाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आले होते. त्या शहराच्या कडेला उभ्या राहणाऱ्या वसाहतींनी निदान एवढे तरी पाळावे, ही अपेक्षा मोठी नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. यापुढे कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम १७ खाली मंजूर होणाऱ्या प्रत्येक लेआउटच्या करारात वरील व्याख्या आणि परिशिष्ट असावे. पाण्याचा हिशेब आधी आणि नंतर असा दोन्ही बाजूंनी जोडावा. लेआउट झाल्यावर हद्दीबाहेर जाणारे पाणी शेत असतानाच्या पाण्यापेक्षा जास्त असू नये, ही अट स्पष्ट शब्दांत लिहावी.

२. तळ्याची आणि नाल्याची जागा बागेच्या किंवा सार्वजनिक सुविधांच्या जागेत मोजू नये. रस्ते आणि बागांप्रमाणे त्या जागेचेही नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे आणि उताऱ्यावर तशी नोंद चढवावी. नोंद नसेल तर दहा वर्षांनी तिथे प्लॉट पडतो.

३. हद्दीपासून नाल्यापर्यंतच्या जोडासाठी खालच्या जमीनमालकाची लेखी, नोंदणीकृत संमती आणि मोबदला झाल्याशिवाय काम सुरू करण्याचा आदेश देऊ नये.

४. प्लॉट टप्प्याटप्प्याने सोडताना पावसाच्या पाण्याची व्यवस्था शेवटच्या टप्प्यात ढकलू नये. रस्त्याचा डांबरी थर पडण्याआधी तळे, तोंड आणि जोड पूर्ण व्हावेत, कारण सगळ्यात जास्त गाळ बांधकामाच्या पहिल्या दोन पावसाळ्यांतच वाहतो.

५. ताबा घेण्यापूर्वी प्रत्यक्ष बांधलेल्या कामाचा पातळ्यांसह नकाशा घ्यावा, तो परिशिष्टाशी ताडून पाहावा आणि किमान एक पूर्ण पावसाळा काम पाहावे. तोवर त्या कामाच्या किमतीची बँक हमी सोडू नये. प्रत्येक लेआउटमध्ये पातळीचा एक कायमचा दगड बसवावा.

६. देखभाल कुणी, केव्हा आणि कुठल्या पैशातून करायची ते लिहावे. मृगापूर्वी एकदा पूर्ण गाळ काढणे, पहिल्या मोठ्या पावसानंतर जाळ्या आणि तोंड तपासणे, दिवाळीच्या सुमारास बांध पाहणे, एवढे तरी. अनेक ग्रामपंचायतींकडे ना जेसीबी आहे ना सफाईची पुरेशी माणसे. अशा पंचायतीच्या गळ्यात तळे मारताना विकासकाकडून देखभालीची ठेवही घ्यावी.

७. ताब्यात आलेल्या जुन्या लेआउटचे काय, हा प्रश्न उरतोच. तिथे नव्याने करार होणार नाही, पण वस्तूंची यादी होऊ शकते. नाल्यालगतच्या लेआउटपासून सुरुवात करून येत्या पावसाळ्याआधी निदान गटारांची टोके, मोऱ्यांचे छेद आणि बुजवलेले नाले यांची नोंद घ्यावी.

८. करार, परिशिष्ट आणि नकाशा कन्नडबरोबर मराठीतही कार्यालयाच्या फलकावर लावावा. ज्यांच्या शेतात हे पाणी येते आणि ज्यांच्या पैशातून प्लॉट घेतले जातात, त्यांतले पुष्कळजण मराठी वाचतात.

नकाशे मंजूर होण्याच्या पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि घेतला की नाही ते लेखी कळवावे. वरच्या आकडेमोडीत चूक वाटली तर दाखवून द्या, दुरुस्त करू. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर लेव्हल, स्टाफ आणि ५० मीटरची टेप घेऊन तुम्ही सांगाल त्या लेआउटवर, सांगाल त्या दिवशी आम्ही येतो. पाऊस चालू असलेला दिवस निवडलात तर जास्त बरे.

आपले,
बेळगाव परिसरातील शेतकरी, प्लॉटधारक आणि मोजणी-बांधकामातली मंडळी